भिंगरीच्या बोटातलं कुसळ

३ फेब्रुवारी
आजार कळला एकदाचा! आठ वर्षं भिंगरीला साधं खरचटलं तरी जखम काळी पडून पसरायची, ताप चढायचा, पण पुवाचा थेंब कधी आला नाही. मला वाटे, पू नाही हे बरंच. नेमकं उलटं! पू म्हणजे जखमेवर धावून गेलेल्या पांढऱ्या पेशी. माझ्या लेकीच्या रक्तात त्या भरपूर, पण जागच्या हलत नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. पेशीला पाय नसतात. ॲक्टिन नावाचे मणी एकाला एक जोडत ती धागे तयार करते आणि त्या धाग्यांच्या रेट्यानं स्वतःची कड पुढे ढकलते. पण ही जोडणी करणाऱ्या प्रथिनांना कडेपाशी एकत्र धरून ठेवायला आणखी एक प्रथिन लागतं. भिंगरीत तेच मोडकं.

"म्हणजे शिकंजा," मी म्हणालो.

"तो काय असतो?"

सांगितलं — सुतारकामात सरस सुकेपर्यंत फळ्या आवळून धरतो तो. खुर्चीत राहत नाही, पण त्याच्याविना खुर्ची होत नाही.

बाई हसल्या. "अगदी! फक्त हा इशारा मिळाला की धरतो, काम झालं की आपणच सोडतो."

४ फेब्रुवारी
कामाला बसताना शिकंजा उचलला आणि कपाळाला लावला. इतकी वर्षं नुसता वापरला.

२० मार्च
रक्तातल्या पेशी हाडातल्या मज्जेत तयार होतात; थोरल्या लेकीची अस्थिमज्जा भिंगरीशी जुळली होती. आज तिच्या कमरेच्या हाडातून काढून धाकटीच्या शिरेत सोडली. निर्जंतुक खोलीच्या काचेपलीकडून थोरली म्हणते, "भिंगरे, आता माझं रक्त तुझ्यात. माझं ऐकावं लागेल!"

"मग तुझ्यासारखी घोरायला पण लागेन!"

हिला, त्यांच्या आईला, हसू आणि रडू एकदम.

देवासमोर बसलो. मागायचं सुचेना. थोरली दिलीस — एवढंच म्हणालो.

११ जून
भिंगरी घरी! रक्तात थोरलीच्याच पेशी दिसतात. "पण चालतात का?" मी विचारलं.

"प्रयोगशाळेत काचेवर चालल्या," बाई म्हणाल्या. "शरीरात चालतात का, ते जखमच सांगेल. मुद्दाम करून बघू नका हं!"

हिनं घरातल्या सुऱ्या, कात्र्या, सुया कुलपात घातल्या. भाजी दातांनी चिरणार का, विचारलं. तिनं किल्ली कमरेला खोचली.

२ जुलै
भिंगरी मला जेवायला बोलवायला कामाच्या खोलीत आली आणि नव्या चौकटीवर हात टेकला. रंधा मारायचा राहिला होता. बोटात कुसळ!

"सुया कुलपात," ही म्हणाली, "आणि तुमचं लाकूड उघड्यावर!"

चिमट्यानं कुसळ काढलं. बाईंना फोन केला. औषध सांगितलं, म्हणाल्या, बोटावर लक्ष ठेवा.

४ जुलै
बोट सुजलंय. ताप नाही. लाली पसरलेली नाही. ही बोटाकडे बघते, मी हिच्याकडे.

५ जुलै
बोटाच्या टोकाला पिवळट टिपका. ही फडकं घेऊन धावली — सवयच ती! थोरली ओरडली, "आई, थांब! पू आहे तो! पू!"

फडकं तसंच हातात. आम्ही तिघं त्या बोटाभोवती, दर्शनाला उभे राहावं तसे.

"बाबा, ठणकतंय!"

ठणकू दे, बाळ. पोचल्या त्या.