हॉलिसची बत्तीस इंची

१४ नोव्हेंबर २०१३
हॉलिसनं बंदूक विकायला पुन्हा नाही म्हटलं. १९९३ पासून शिकारीच्या दर हंगामाला विचारतोय, म्हणजे हे एकविसावं 'नाही'. यंदा आवाज चढवून — "आल्टन, कुणालाही विकेन, पण तुला नाही!"
का, विचारलं. म्हणे, आभाळाकडे बघ, बदकं येतील. आभाळात काही नव्हतं.

१५ नोव्हेंबर
राग नाही, नोंद म्हणून लिहितोय. लांब पल्ल्याच्या जुन्या जोडनळी बंदुका माझ्याकडे अकरा. हॉलिसची बापाकडून आलेली. बत्तीस इंची नळ्या, तोंडाशी जरा आवळलेल्या. त्यामुळे छर्रे पांगत नाहीत, साठ यार्डांवरचा रानहंस पडतो. तोंड कारखान्यातून निघालं तसंच असेल तर बंदूक लाखमोलाची. कुणी आतून खरवडून मोठं केलं असेल तर संपलं — चुलीत घाला!
बत्तीस इंची या खाडीवर एकच उरलीय, आणि ती या हट्टी म्हाताऱ्याकडे. हातात देतो. मी खिशातून नळीचं तोंड मोजायची मापकाठी काढली की लगेच काढून घेतो.

१ डिसेंबर
दिवसभर मचाणावर. एक पाणकोंबडी.

१९ डिसेंबर
हॉलिस अंथरुणाला खिळलाय. हृदय. भेटायला गेलो. त्याच्या बायकोनं, व्हर्नानं, कालवांचं सूप पुढे ठेवलं. मीठ जास्त होतं, बोललो नाही.
"बंदुकीसाठी आलास ना, गिधाडा?"
"नाहीतर काय तुझं थोबाड बघायला?"
हसला, मग खोकत बसला. जरा वेळानं व्हर्नाला म्हणाला, "मी गेलो की ती बंदूक पेनसिल्व्हेनियातल्या कुणा व्यापाऱ्याला दे. आल्टनला द्यायची नाही. कळलं?"
माझ्यासमोर! पन्नास वर्षं एका होडीत बसलो आम्ही. लागलं मला. खोटं कशाला लिहू?

८ जानेवारी २०१४
काल सकाळी हॉलिस गेला.

११ जानेवारी
दफन. जमीन गोठलेली, यंत्र आणावं लागलं. शवपेटी उचलणाऱ्या सहाजणांत मी. तिकडेही बंदुकीचाच विचार डोक्यात. लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

२५ जानेवारी
व्हर्ना आली. गोधडीत गुंडाळून बंदूक आणली!
म्हणाली, "तुला देऊ नको म्हणायचा. का, ते मलाही कधी सांगितलं नाही. मला काही पटलं नाही ते. इतकी वर्षं मागतोयस, घे. आणि पैशाचं नाव काढलंस तर झाडूनं मारीन."
ती गेल्यावर दार लावलं. मापकाठी घातली. उजवी नळी — तोंड खरवडलेलं. डावी — तेच. पुन्हा मापलं. तीनदा मापलं.
गाढव! बापाची बंदूक वाया घालवली आणि लाजेपायी माझ्यापासून लपवत बसला. मला तोंडावर नाही म्हणायचा तो त्यासाठी होय! अकरा बंदुकांच्या कपाटात ठेवली नाही. कोपऱ्यात उभी केलीय.

२ फेब्रुवारी
प्रत्येक बंदुकीचं कार्ड करतो मी. हिचंही करायला घेतलं. तोंडं कोणत्या साली खरवडली ते लिहायला हवं. शिशाच्या छर्ऱ्यांवर कायद्यानं बंदी आली त्या सुमारास असणार, म्हणून माझ्याच जुन्या वह्या काढल्या.
१२ ऑक्टोबर १९९१. अक्षर माझं —
'हॉलिस दुकानात भेटला. आता पोलादी छर्रे वापरायचे म्हणून काळजीत. त्याला म्हटलं, पोलाद शिशासारखं दबत नाही, नळ्यांची तोंडं मोठी करून घे, नाहीतर फाटतील. बापाची बंदूक, हात लावायला तयार नव्हता. तासभर डोकं खाल्लं त्याचं. शेवटी ऐकलं.'
बावीस वर्षं. एक अक्षर बोलला नाही मला.