उद्घाटनाआधी झोका वापरू नये

९ जानेवारी १९७८, सोमवार
बालशिक्षणाच्या शिबिराहून परतलो. 'मूल मैदानात वाढतं, खोलीत नाही.' वाक्य वहीत दोनदा लिहून घेतलं. आमच्या रामदासपेठेतल्या बालमंदिरात अठ्ठावीस मुलं एका खोलीत कोंबलेली असतात, हे आजवर कोणाच्याच लक्षात आलं नाही. (व्यवस्थापक मीच, पण मला इतर कामं असतात.) आता क्रांती. सुरुवात स्वतःपासून. उद्यापासून रोज बारा सूर्यनमस्कार.

१० जानेवारी
थंडी. नमस्कार तीन. तिसरा अर्धा.

२३ जानेवारी
अंगणात घसरगुंडी, शिडी आणि झोका बसला. झोक्याला छोटी लोखंडी खुर्ची, पोटापुढे दांडा. मूल पडायची बातच नाही. डोळे भरून आले. संस्थेचे अध्यक्ष रुपरावजी २६ तारखेला फीत कापतील. तोवर कोणी हात लावायचा नाही. आधीच वापरलेल्या वस्तूचं उद्घाटन म्हणजे पाहुण्याला उष्टं ताट. भोवती सुतळी बांधली. गोपिका, वय पाच, सुतळीला नाक लावून उभी. म्हणे, सर, आज झोका? म्हटलं, गुरुवारी.

२६ जानेवारी
रुपरावजी आले नाहीत. कळमेश्वरच्या त्यांच्या तेलगिरणीत मशीन बिघडलं. तारीख मागाहून कळवतील. तिळाचे लाडू उरले होते, नासायला नको म्हणून नऊ खाल्ले. नमस्कार उद्या.

१३ फेब्रुवारी
तारीख नाही. वेळ वाया जाऊ नये म्हणून मुलांकडून 'मैदानी खेळाचे फायदे' पाठ करून घेतो. सगळे बसल्या जागी छान म्हणतात. शिक्षिका उत्तराबाईंनी विचारलं, सर, झोका लेकरांसाठी हाय का फितीसाठी? म्हटलं, शिस्त हाही व्यायामच. उत्तर सुचल्याचा आनंद दिवसभर टिकला.

८ मार्च
मुलं खिडकीचे गज धरून झोक्याकडेच पाहतात. खिडकी बंद केली. खोलीत कोंडल्यासारखं होतं. मलाही. पण मी रुपरावजींना दोनदा लिहून बसलोय की सामान अगदी कोरं आहे. आता सुतळी सोडली तर खोटा पडतो.

३ एप्रिल
गोपिका जूनपासून पहिलीत जाणार, दुसऱ्या शाळेत. मले विचारते, म्हणजे मला विचारते, तिथं झोका राहते काय? वाईट वाटलं. खरंच वाटलं. तिसरं पत्र टाकलं. पोहे, दोन प्लेट, जास्त तर्री.

१७ एप्रिल
रुपरावजी आले! फीत कापली, सरबत प्यायले, अकरा मिनिटांत गेले. मी ओरडलो, मुलांनो, खेळा! कोणी हललं नाही. अठ्ठावीस जण हाताची घडी घालून उभे. गोपिका म्हणाली, हात लावला तं तुम्ही रागावता न. शेवटी प्रात्यक्षिक दाखवावं म्हणून मी झोक्यात बसलो.

बसलो खरा. उठता येईना. दांडा पोटात रुतलेला. मदतनीस कांताबाई खोबरेल आणायला धावली. तेवढ्यात गोपिका जवळ आली, दांड्याला एक बोट लावून पाहिलं, मग दोन्ही हातांनी मला ढकललं. मी म्हटलं, हात लावू नका! मग सगळेच सुटले. शिडीवर, घसरगुंडीवर, धुळीत, माझ्यामागे. मी ओरडतोय, कोणी ऐकत नाही. उत्तराबाई कांताबाईला म्हणत होत्या, घाई नोको करू वं. पाऊण तास.

१८ एप्रिल, सुट्टीआधीचा शेवटचा दिवस
नमस्कार आजपासून नक्की होते, पण कंबर धरली आहे. शिबिरवाल्यांना अहवाल लिहिला: 'व्यवस्थापकांनी स्वतः प्रात्यक्षिक दिले. सर्व मुले सहभागी.' सामान कोरं राहावं म्हणून सकाळी सुतळी पुन्हा बांधली होती.

लिहीत होतो तर दारात गोपिका. सर, आजबी अडकसान काय? म्हटलं, काहून? म्हणे, तुम्ही अडकले तरच आम्हाले खेळाले भेटते.