गडावरची गवळण

आई, आज तुला किल्ल्याचं सांगायचंय. आपल्या वर्तकनगरच्या अंगणातल्या नव्हे, इटलीतल्या. हसू नकोस. तुझ्या नातीने तिकडे डोंगरावरच्या एका गावात घर केलंय. तुझे जावई गेल्यापासून बाळकुमच्या घरात मी एकटीच, म्हणून तिने हट्टाने बोलावलं आणि उन्हाळ्यात मी गेलेले. गावाला एकच वेस, दगडी कमानीची. आत शिरलं की नुसती चढण, मग चौक, चौकात चर्च आणि त्याचा घंटेचा मनोरा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर किल्ल्याचा गोल बुरूज. तटाच्या भिंतीतच लोकांची घरं, खिडक्यांतून चादरी लोंबतायत. मला बाई कसंसंच झालं. किल्ल्यावर कोणी धुणं वाळत घालतं का?

माझ्या डोळ्यांसमोर आपला दिवाळीतला किल्ला. तू विटा रचतेस, गोणपाट अंथरून चिखल लिंपतेस, वर मोहरी पेरतेस. महाराज सिंहासनावर, मावळे तटावर आणि गवळण खाली, पायथ्याच्या वाडीत. एका वर्षी मी तिला उचलून महाराजांशेजारी ठेवलं, तर तू चिखलाच्या हातानेच माझं मनगट धरलंस. "दूध घालायचं आणि उतरायचं. आपलं घर पायथ्याला." रागावली नव्हतीस, पण ते माझ्या हाडीमाशी खिळलं. कुणाच्या मोठ्या घरी गेले तरी चहा घेऊन लगेच उठले. लेकीकडेही परतीचं तिकीट काढूनच गेले.

तिच्या शेजारची म्हातारी गावाचा इतिहास सांगायची, लेक मराठीत करून द्यायची. पूर्वी शत्रू आला की ती घंटा वाजायची आणि खालच्या शेतांतली माणसं शेळ्या-कोंबड्यांसकट आत यायची. मी विचारलं, मग परत खाली कधी जायची? म्हातारीला प्रश्नच कळेना. ज्यांना राहायचं होतं ती राहिली, म्हणाली, ही तटातली घरं त्यांचीच. किल्ल्याच्या मालकांचा वंश कधीच बुडाला, बुरुजात आता कबुतरं नांदतात. आता निम्म्या घरांना कुलपं आहेत आणि कुणी राहायला आलं की गावाला बरंच वाटतं.

निघायच्या आदल्या दिवशी लेक चादरी काढता काढता म्हणाली, "आई, या खेपेला उतरू नकोस ना." तुझं वाक्य मीच तिला लहानपणी शिकवलेलं. मला रडू फुटत होतं आणि तोंडाने मी म्हणतेय, घरची झाडं वाळतील गं. कारणांना काय तोटा.

यंदा इतक्या वर्षांनी इथे बाळकुमला बाल्कनीत किल्ला केला. शेजारीण विचारते, नातवंडं यायचीत का? म्हटलं, नाही, मलाच हौस आलीये. लेक दर रविवारी फोनवर विचारते, कायमची येतेस का, मी बघू म्हणते. तिला अजून हो म्हटलेलं नाही. तुला मात्र सांगते, गवळण मी वर ठेवली. महाराजांपाशी नाही, तेवढी छाती नाही माझी, दरवाजाच्या जेमतेम आत. दिवाळी होऊन गेली, मोहरी पिवळी पडली, तरी तिला खाली आणलेलं नाही.