नंबर नसलेल्या माणसाला फोन

आबा, तुम्ही आयुष्यभर जे केलंत, त्याचा आता शोध लागला आहे. मी ज्या ऑफिसात मराठी शब्द तपासायला बसते, तिथे इंटरनेटवरून फोन लावायची यंत्रणा बनवतात. तिच्यात नंबर दाबायचा नाही. कसा माणूस हवा ते लिहायचं: मराठी बोलणारा, हृदयाचा डॉक्टर, कामोठ्याजवळचा, आत्ता मोकळा. मग ज्यांनी स्वतःची तशी नोंद केली आहे त्यांचे फोन एकामागून एक वाजतात. आमच्या साहेबांना हे जगात प्रथमच घडतंय असं वाटतं. मी मान डोलावते. तोही माझ्या कामाचाच भाग आहे.

आठवतंय? पनवेलच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तुम्ही कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसला आहात. मी संस्कृतच्या बी.ए.ला आहे, तुमचा डबा घेऊन आले आहे. गव्हाण गावाहून कुणीतरी घाबऱ्याघुबऱ्या आवाजात विचारतंय, ज्यांनी सुई टोचली तरी दुखत नाही त्या नर्सबाई हव्यात, नंबर ठाऊक नाही. "थांबा, लावून देतो," म्हणून तुम्ही वायर खोचता. मला हसू येतं. तेव्हा मी नुकतंच न्यायशास्त्रातलं 'लक्षण', म्हणजे एकालाच नेमकी लागू पडणारी व्याख्या, शिकले होते, त्यामुळे घरात कुणाची सुटका नव्हती.

"आबा, हे लक्षण सदोष आहे. अशा नर्स दोघी निघाल्या तर?"

"दोघी असत्या, तर त्यानी आनखी कायतरी सांगितला असता." मग तुम्ही हेडफोन काढलात. "ज्याच्याकडं नंबर नाय, तोच खरा अडलेला हाय. त्याला हसाचा नाय." त्या दिवशी तुम्ही अर्धा डबा तसाच परत पाठवलात. मी मनातल्या मनात त्याचं खापर तिखट आमटीवर फोडलं.

तुमच्या माघारी, गेल्या वर्षी आईला मेंदूचा झटका आला आणि तिच्याकडची नावं गेली. नावंच फक्त, माणसं शाबूत आहेत. मला ती "चष्मेवाली" म्हणते, लक्षण म्हणून ते निर्दोष आहे. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका कधीही येऊ शकतो, तेव्हा तिच्याशी जे बोलायचं ते बोलून घ्या. आईचं एकच मागणं: "मला तिच्याशी बोलाचा हाय. शनवारी जिच्या घरी चूल नाय पेटत. मी चा नेते, ती."

मला कळलं. आपल्या शेजारची मावशी, ज्यूंच्या रीतीने शनिवार पाळणारी, पुढे सगळ्या कुटुंबासह इस्रायलला गेली ती. पण मी तिला जन्मभर मावशीच म्हटलं, नाव विचारायची वेळच आली नाही. मावशी म्हणून शोधायचं तर अर्धं पनवेल हाती लागतं. आमच्या यंत्रणेत तिचं वय घातलं, गाव घातलं, भाषा घातली. उत्तर आलं, शून्य. तिथे प्रत्येकाने आपापले गुण लिहिलेले असतात: अनुभवी, तत्पर, मनमिळाऊ. शेजारीण मला चहा आणून द्यायची, असं कोण लिहिणार?

शेवटी मी नुसतं एवढंच लिहिलं: इस्रायलमध्ये राहणारा, मराठी बोलणारा, कुणीही. फोन उचलला एका अनोळखी, वयस्क गृहस्थांनी. मी स्पीकर लावला आणि आईने त्यांना चूल सांगितली, चहा सांगितला, हसताना पदराने तोंड झाकणं सांगितलं. मी ओशाळून माफी मागायला गेले, तर ते म्हणाले, "अहो बाई, मध्ये बोलू नका. त्या सांगताहेत ना!"

तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांनी चार घरी विचारून मावशी शोधली होती. स्पीकर चालूच होता, तरी आईने फोन कानाला लावला. पलीकडून ते म्हणाले, "थांबा, लावून देतो."

आईचा चेहरा उजळला. फोनवर हात ठेवून ती मला हळूच म्हणाली, "तुझे आबा हायेत."

मग मावशीचा थकलेला आवाज आला, "चहा आणलास का गं?" आणि दोघी बराच वेळ नुसत्या रडल्या.

हे पत्र पाठवायची सोय नाही. मला तुमचं नाव येतं, पण पोस्टाला पत्ता लागतो. एक मात्र कबूल करते. जन्मभर लोकांच्या चुका काढत आलेली मी, त्या दिवशी आईची चूक काढली नाही. लक्षणं सगळी जुळत होती, आबा.