नऊ नंबरची प्रत

४ मार्च, रविवार

प्रत बदललेली आहे! माझी नऊ नंबरची, आणि पेटीतून निघाली ती चौसष्ट!

तीन आठवड्यांच्या दौऱ्यावरून काल परतलो. आज नेहमीसारखा पुस्तकं पुसायला बसलो. 'शनीच्या कड्यातलं घर' बाहेर काढलं. वरून काही कळत नाही — तेच निळं कातडी बाइंडिंग, तोच चंदेरी ठसा, पुठ्ठ्याची तीच पेटी. सहज शेवटचं पान उघडलं. लेखकाच्या सहीखाली शाईनं लिहिलेलं — शंभरांपैकी ६४. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चौसष्टच.

विज्ञानकथांच्या एकशेबारा देखण्या आवृत्त्या आहेत माझ्याकडे, पण नऊ नंबर तो नऊ नंबर. आणि चौसष्ट कुणाची हे मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या मित्राची, लंब्याची! प्रकाशकाच्या दारात दोघांनी एकदमच घेतल्या होत्या. चिठ्ठ्या टाकल्या, नऊ मला आली. 'आतली गोष्ट तर तीच ना रे,' म्हणून हसला होता. जरा जास्तच हसला होता, आता आठवतंय.

५ मार्च

कपाटाच्या किल्ल्या दोन. एक माझ्या खिशात, एक बायकोकडे.

पुस्तकाचं अवाक्षर काढलं नाही. फक्त विचारलं, 'मी नसताना कोण आलं होतं?'

'कुणी नाही.' इतकं चटकन!

वीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासतोय. काट्याकडे बघायचं नाही, माणसाच्या हाताकडे बघायचं. हिचे हात ओट्यावरची एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होते.

८ मार्च

खालचे शिंपी जिन्यात भेटले. 'तुमचे ते उंच मित्र दोनदा येऊन गेले की! हातात पिशवी होती.'

दोनदा! पिशवी! आणि ही म्हणते कुणी नाही. भलतासलता विचार मनात आला. तो इथे लिहिणार नाही.

१० मार्च

लंब्याच्या दुकानात गेलो. डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसला होता. म्हटलं, तुझा 'शनी' जरा बघायचा होता. भिंग काढलं नाही. 'बाइंडरकडे दिलाय रे. जरा काम होतं.'

कोऱ्या करकरीत पुस्तकाचं बाइंडरकडे काय काम? चोरी पचवायची म्हणजे हे सगळं ओघानं आलंच. चहा मागवत होता, मी थांबलो नाही. बावीस वर्षांची मैत्री, आणि माझ्या नजरेला नजर देत नाही! फार लागलं ते.

१२ मार्च

ठरलं. रविवारी, आमच्या संग्राहक मंडळात, सगळ्यांसमोर जाब विचारायचा.

१५ मार्च

जेवताना मी गप्प होतो. ही म्हणते, 'जाऊ द्या ना. पुस्तक तर आहे ना घरात?'

घास तसाच राहिला. पुस्तकाबद्दल मी हिला एका शब्दानं बोललो नव्हतो! म्हणजे हिला सगळं माहीत आहे. दोघं मिळून मला मूर्ख बनवतायत. माझ्याच घरात!

१८ मार्च, रविवार

मंडळ म्हणजे आम्ही सहा संग्राहक, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. पुस्तक टेबलावर ठेवलं, शेवटचं पान उघडलं. 'ही याची प्रत. माझी कुठे आहे ते यानं सांगावं.'

वाटलं, आता कानांवर हात ठेवील. पण लंब्या म्हणाला, 'हो. मीच बदललं.' एवढंच. म्हटलं, मग नऊ नंबर परत कर. तर म्हणे, 'ते आता नाही जमणार.' वर तोंड करून! अध्यक्षांनी तिथल्या तिथे यादीतून त्याचं नाव काढलं. तो छत्री उचलून निघून गेला. कुणी निरोपसुद्धा घेतला नाही.

मीच खरा ठरलो. घरी येऊन मोठ्या झोकात हिला सांगितलं. 'मंडळातून काढलं त्यांना?' हिनं दोनदा विचारलं.

१९ मार्च

ही दिवसभर रडली. मग बोलली.

मी दौऱ्यावर असताना तिनं नऊ नंबर वाचायला घेतला होता. एवढं काय असतं त्यात, बघावं म्हणून. हातातून सुटला तो थेट धुण्याच्या बादलीत. पानं फुगली, कातडं सुटलं. ती लंब्याकडे धावली. पहिल्यांदा आला तेव्हा तो भिजलेला गठ्ठा घेऊन गेला, दुसऱ्यांदा स्वतःची प्रत आणून पेटीत ठेवून गेला. म्हणाला, 'नंबर तो बघणारच, वहिनी. तेव्हा तुम्ही गप्प राहा. मी माझ्यावर घेईन.'

मी विचारलं, 'त्याला सांगितलंस. मग मला का नाही?'

'भाऊजींची भीती नाही वाटत,' ती म्हणाली.