विहिरीवरचा लाल दिवा

२ ऑगस्ट २०१८, गुरुवार
दुपारच्या सुट्टीत पेटी उघडली एकदाची. कॉलेजला कुठल्याशा योजनेतून आली तेव्हापासून प्रयोगशाळेच्या कपाटात तशीच, सीलसकट. आत तळहाताएवढा निळा बोर्ड, प्रोग्राम चढवता येणारा. आणि लहान लहान पिशव्यांत त्याला जोडायची मॉड्यूलं. तापमानाचं, पडद्याचं, रिलेचं. सोळा वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे, सगळी भिंगं पुसण्यात नि लंबक टांगण्यात गेली. प्राचार्यांना विचारलं. रजिस्टरवर सही करा नि वापरा म्हणाले.

कारण सुमन. आमच्या कॉलेजात झाडलोट करते. तिचा नवरा शंकर बाभुळगावच्या बाहेर बापूरावांच्या कपाशीवर फवारणीच्या मजुरीला जातो. मागच्या साली औषध तोंडावर आलं, नऊ दिवस यवतमाळला भरती होता. चार दिवस तर डोळ्यांना काही दिसलं नाही. अजून चहाची कपबशी धरली की वाजते. आता पुन्हा बोंडअळी, पुन्हा पंप पाठीवर. दुसरं काम कोण देणार.

सकाळी फरशी पुसता पुसता म्हणाली, "मॅडम, वारा कवा उठते ते पाठीवर पंप असला का समजतच नाई. समजते तवा तोंड ओलं झालेलं असते."

दिवसभर तेच डोक्यात. वारा मोजायचा. वाढला की दिवा नि भोंगा. एवढंच तर.

४ ऑगस्ट, शनि.
एवढंच तर म्हणे! पडदा जोडला. उजेड आला, अक्षर एक नाही. तारा तीनदा काढल्या, तीनदा लावल्या. कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम पुन्हा चढवला. निळा उजेड, कोरा.

६ ऑगस्ट, सोम.
अजून कोरा. सुरेश (नवरा, एसटीत वाहक) विचारतो, रोज काय करून राह्यली तू त्या डबड्याशी. सांगितलं. मग हसला नाही.

७ ऑगस्ट
पडद्याच्या पाठीला एक बारका स्क्रू असतो. अक्षरं गडद-फिकी करायचा. प्रोग्राम, तारा, सगळं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं! चष्म्याच्या पेचकसानं पाव फेरी फिरवला आणि आली अक्षरं. मी 'वंदना' लिहून ठेवलं होतं. स्वतःचं नाव पाहून इतका आनंद लग्नाच्या पत्रिकेतही झाला नव्हता.

१० ऑगस्ट, शुक्र.
तापमानाचं मॉड्यूल लागलं. आधी आकड्याच्या जागी नुसतं नाही-नाही येत होतं. एक रोधक मधे हवा होता, तो आमच्याच खोक्यात. बारावीला रोधकाचे रंग पाठ करून घेते मी पोरींकडून, आणि मलाच सुचेना.

वाऱ्याचं मॉड्यूल पेटीत नाही. ते करावं लागेल. हनीफभाईंकडे जाणार.

१२ ऑगस्ट, रवि.
ह.भा. म्हणजे हनीफभाई, स्टँडजवळ मोटर वाइंडिंगचं दुकान. कॉलेजचे पंखे तेच भरतात. त्यांना सांगितलं, चार वाट्या गोल फिरल्या पाहिजेत, अगदी हलक्या. मी आइस्क्रीमचे कप नेले होते. त्यांनी ते हातात घेऊन पाहिले, बाजूला ठेवले. म्हणे, पहिल्या झडीत जातील. मग बायकोला आवाज देऊन घरातून स्टीलच्या चार पळ्या मागवल्या, दांडे कापले, टेबलफॅनच्या बेअरिंगवर बसवल्या. फुंकर मारली तरी फिरतात. भाभी दारात उभ्या राहून पळ्यांकडे बघत होत्या. नव्या घेऊन दिल्या पाहिजेत.

खाली लोहचुंबक, त्याच्यासमोर काचेची बारकी नळी. चुंबक समोरून गेला की नळीतल्या पत्र्या चिकटतात, बोर्ड एक मोजतो. एक फेरी, एक आकडा.

१४ ऑगस्ट
एका फेरीला कधी पाच मोजतो, कधी सात. पत्र्या चिकटताना थरथरतात, बोर्डाला प्रत्येक थरथर नवी फेरी वाटते. प्रोग्रामात लिहिलं, एकदा मोजलं की क्षणभर कानाडोळा कर. झालं. एकाला एक. हातानं शंभर फेऱ्या फिरवल्या, सुमननं तोंडानं मोजल्या. पडद्यावर शंभर. सुमन म्हणाली, पुन्हा करा. पुन्हा शंभर.

१९ ऑगस्ट, रवि.
पण फेऱ्या म्हणजे किती वारा? सुरेशनंच युक्ती काढली. सकाळी सहाला, हवा अगदी पडलेली, यवतमाळ रोडवर स्कूटर. तो चालवणार, मी मागे बांबू उभा धरून, वर पळ्या, मांडीवर बोर्ड. तो ओरडून वेग सांगणार, मी फेऱ्या लिहिणार. दहा, पंधरा, वीस. गेलो तसे परत आलो, तेच आकडे.

समोरून यवतमाळची एसटी आली, ड्रायव्हर नेमका ह्याच्या ओळखीचा. त्यानं गाडी हळू केली, सगळ्या प्रवाशांनी पाहिलं. सुरेश म्हणे आता रिटायर होईस्तोवर डेपोत हेच ऐकायचं. पण खूश होता. परतीला मुद्दाम लांबून आणलं.

२२ ऑगस्ट, बुध.
बकरी ईदची सुट्टी. ह.भां.कडे जेवण, मग लगेच दाराचा पडदा सारून पुढे दुकानात. ट्रकचा जुना हॉर्न दिला त्यांनी. रिले, म्हणजे बोर्डाच्या हुकमावर चालू-बंद होणारं बटण, जोडली. वाट्या फिरवल्या, हॉर्न वाजला, गल्ली हादरली. आणि बोर्ड बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू. प्रत्येक वेळी तेच. हॉर्न बॅटरीतून इतकं ओढतो की बोर्डाला उरतच नाही.

२५ ऑगस्ट
बोर्डाला वेगळी बारकी बॅटरी दिली. आता बोर्ड जिवंत, पण रिले मुकी. हुकूम जातो, पोचत नाही. प्रयोगशाळेत बसून रडायला आलं थोडं. हे काय वय आहे का.

शंकर तेवढ्यात सुमनला न्यायला आला होता. दारातूनच म्हणाला, बापूरावांच्या शेतात पुढच्या रविवारपासून दुसरी फवारणी.

२६ ऑगस्ट, रवि.
झालं!! ह.भां.नी दोन्ही बॅटऱ्या पाहिल्या आणि विचारलं, "ताई, याचा मायनस अन् त्याचा मायनस, दोघाईची भेट कुठी होते?" कुठेच होत नव्हती. दोन घरं, मधे रस्ता नाही, हुकूम येणार कुठून. एक काळी तार. वीतभर. टाकली आणि रिलेनं टक् केलं. हॉर्न वाजला, बोर्ड हलला नाही. वीस वेळा वाजवला. शेजारचा पंक्चरवाला येऊन उभा राहिला. भाभींनी आतून विचारलं, झालं का एकदाचं. झालं, भाभी.

२८ ऑगस्ट, मंगळ.
आता आकडा कोणता ठेवायचा. कृषी सहायकांना फोन केला, ते म्हणे पानं नि बारीक डहाळ्या सारख्या हलू लागल्या की थांबा, आणि भर उन्हाची नको. त्यातून आकडा निघत नाही.

शेवटी शंकरला घेऊन शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभी राहिले. पंपात साधं पाणी. तो मारत चालला, मी पडद्याकडे. सांगितलं, ज्या वाऱ्याला तोंडावर येईल तिथं हात वर कर. त्यानं नऊ वेळा हात वर केला. नऊ आकडे लिहिले. सगळ्यांत कमी होता तो प्रोग्रामात घातला. उन्हाचा, म्हणजे तापमानाचा आकडाही त्यालाच विचारून.

बोर्डावर चढवताना त्याला म्हटलं, हा तुझा आकडा.

३० ऑगस्ट
बापूरावांना भेटले. माणूस वाईट नाही. शंकरला दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं, स्वतःच्या गाडीतून. पण बोंडअळीनं मागच्या साली पूर्ण पीक नेलं, तेव्हापासून दिवस मोजत असतात. विहिरीच्या मोटारीवर बांधलेल्या खोलीवर, खोपडीवर लावू द्या म्हटलं. ते म्हणाले, हवामानाचं यंत्र आहे का, लावा. मी हो म्हटलं. खोटं नाही ते. पण पूर्णही सांगितलं नाही.

२ सप्टेंबर, रविवार
सविस्तर लिहिते, विसरायचं नाही.

सकाळी सातला लावलं. विहिरीजवळ खोपडी, वर बांबू, पळ्या, लाल दिवा. बॅटऱ्या नि बोर्ड जेवणाच्या स्टीलच्या डब्यात. ह.भा. नि सुरेश शिडीवर, मी खालून ओरडतेय. पाच जण फवारणीला, शंकर धरून. त्यांना सांगितलं, दिवा लागला नि वाजला की थांबायचं. हो म्हणाले, जसं मॅडम लोकांना म्हणतात तसं.

दहापर्यंत काही नाही. पळ्या आळसावून फिरत होत्या. मला वाटलं, चूक कुठंतरी.

साडेदहाच्या सुमाराला खाली कपाशी नाही हलली, काही नाही, पण वर पळ्या अशा फिरल्या की चार वेगळ्या दिसेनात. दिवा लागला. हॉर्न. अख्खं शिवार दणाणलं, बगळे उठले.

पाचही जण उभे. बापूराव धुऱ्यावर. म्हणाले, दोनच ओळी राह्यल्या, मारून टाका.

कोणी हललं नाही. मग शंकरनं खांद्याचे पट्टे सोडले. पंप खाली ठेवला, सावकाश, पाणी भरल्या घागरीसारखा. बापूरावांकडे पाहिलं.

"दिवा लागला मालक. इझला का मारतो."

बापूराव काही बोलायच्या आत दुसऱ्यानं ठेवला. मग तिसऱ्यानं. पाचही पंप धुऱ्यावर. आणि खरंच, दोन मिनिटांत वारा असा आला की माझा पदर डोक्यावरून गेला. ह्या वाऱ्यात ते मधल्या ओळीत असते.

मग बापूरावांनीच माठातून पाणी काढून शंकरला दिलं. शंकरनं दोन्ही हातांनी धरलं, सांडलं नाही.

दिवा पाऊण तासानं विझला, मग उन्हाचा पुन्हा लागला. दोन ओळी चारनंतर मारल्या. आभाळ कोसळलं नाही.

मी घरी येऊन स्वयंपाक केला नाही. सुरेशनं आणलं बाहेरून. मी नुसती बसून होते, हसत.

६ सप्टेंबर, गुरु.
सुमनकडून बातमी. पलीकडच्या दोन शेतांतले मजूरही आपल्या हॉर्नवर थांबतात. कोणी सांगितलं नाही त्यांना. काल त्यांच्या मालकानं विचारलं काहून थांबले, तर म्हणे बापूरावाच्या इहिरीवर वाजलं.

एक हॉर्न, तीन शेतं!

९ सप्टेंबर, पोळा
बैलांच्या ओळीत बापूरावांची जोडी. मला पाहून बापूरावांनी मान हलवली. सुमननं करंज्या आणल्या. ह.भां.च्या दुकानात तीन शेतकरी येऊन गेले, असलंच पाहिजे म्हणून. त्यांतला एक पार नेर तालुक्यातला! ह.भा. म्हणे, ताई, पळ्या घाऊकात आणाव्या लागतील. भाभींना सहा पळ्यांचा नवा संच देऊन आले. त्यांनी उघडून आधी वजन पाहिलं हातात.

दुसऱ्या बोर्डाचं काम सुरू. पडदा पहिल्या फटक्यात लागला. स्क्रू आधी फिरवला ना.

१४ सप्टेंबर, शुक्र.
बापूराव प्रयोगशाळेत आले. स्टुलावर बसले, टोपी मांडीवर. भिंगं, लंबक बघत होते. मग म्हणाले, यंत्र चांगलं आहे मॅडम, मी नाही म्हणत नाही. पण अळी थांबत नाही दिव्यासाठी. आठवड्यात तीन दिवस अर्धे गेले. आकडा थोडा वर नेता येते का?

येतो. एक ओळ बदलायची. दोन मिनिटांचं काम, त्यांना ते कळलंही असावं. आणि त्यांची कपाशी मी पाहिली आहे, बोंडं फोडून दाखवली त्यांनी मला. ते खोटं बोलत नव्हते.

म्हटलं, आकडा माझा नाही. शंकरनं हात वर करून ठरवला. बदलायचा तर पाचही जणांसमोर, विहिरीवर, पंपात पाणी भरून. आणि एक पंप तुमच्या पाठीवर.

त्यांनी टोपी घातली. रविवारी सातला, म्हणाले. येतील का, माहीत नाही.

सुमन फरशी पुसत सगळं ऐकत होती. संध्याकाळी घरी जाऊन शंकरला सांगितलं असणार, कारण आत्ताच त्याचा फोन आला. पहिल्यांदाच केला त्यानं मला.

"मॅडम, रविवारी मी येतो. पण मालकापुढं पहिले मी बोलन."