डोली आधी की स्फोट आधी

१ जानेवारी, बुधवार
नवीन वर्षाचा संकल्प: 'डोली और डायनामाइट' महिन्यातून एकदाच पाहायचा. आजवर एकशे अकरा वेळा झाला. (नोंद आहे. बिनानोंदीचं मी बोलत नाही.) माणसाने कंट्रोलमध्ये राहावं.
दुपारी टीव्हीवर लागला. इंटरव्हलपर्यंतच पाहिला, निरोप म्हणून. अर्धा पिक्चर मोजत नाहीत.

५ जानेवारी
करिश्माचं जमतंय! ती अकोल्याला माती तपासणीच्या लॅबमध्ये आहे. मुलगा तिथलाच, विपुल. बापाच्या नजरेतून असं काही सुटत नाही. आज तिच्या आईने, साधनाने सांगितलं आणि लगेच माझ्या लक्षात आलं.
मुलाचे वडील महादेवराव. घर अकोल्यात, संत्र्याची बाग हिवरखेडला. आपल्यातलेच. आणि कहर म्हणजे त्यांनीही 'डोली और डायनामाइट' नव्वद वेळा पाहिलाय! मी जागेवर होकार दिला. साधना म्हणे, पोरगा कसा हाये हे तं इचारा. मी म्हटलं, बाप असा असल्यावर पोराचं काय विचारायचं?

१८ जानेवारी
उद्या पाहुणे येणार. झेंडूच्या माळा लावल्या, घरचेच झेंडू. साधनाने तंबी दिली, पिक्चरचं नावबी काढाचं नाई. काढणार नाही. मी काय लहान आहे?

१९ जानेवारी, रविवार
सुरुवात त्यांनी केली. हे आधी लिहून ठेवतो.
पोह्यांच्या वेळी ते व्हिलनचा डायलॉग बोलले, मी हिरोचा बोललो. मंडळी खूश. मग ते म्हणाले, पूल उडते, त्याच्यानंतर बहिणीची बिदाई येते, तवा मले दर टायमाले रडू येते. मी अत्यंत शांतपणे सांगितलं की बिदाई आधी, स्फोट नंतर. पूल आधीच उडाल्यावर डोली काय हवेतून नेणार? ते म्हणाले, नदीतून नेते. मी म्हटलं, अमरावतीच्या टॉकीजमध्ये मी स्वतः तेहतीस वेळा पाहिलाय, पुलावरूनच नेतात. पिक्चरच्या कंपन्यांची हापिसं तेव्हा अमरावतीला होती. रिळांच्या पेट्या आधी आमच्याकडे फुटायच्या आणि घासून-पुसून उरलेलं अकोल्याला जायचं.
यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? इतिहास आहे.
ते उठले. पोह्यांची बशी आपोआप पडली. करिश्मा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिली, तशीच.

२० जानेवारी
करिश्मा पहाटेच्या गाडीने अकोल्याला गेली. मला सांगून गेली नाही. साधनाने वांग्याच्या भाजीत मीठ टाकलं नाही. मी वरून घेतलं.
माझं मन मोठं आहे. महादेवरावांनी चूक कबूल केली तर मी विषय वाढवणार नाही. लेखी नसली तरी चालेल.

२६ जानेवारी
पुरावा म्हणून मोबाइलवर पूर्ण पाहिला. (११२. हा सरकारी कामासारखा, संकल्पात धरत नाही.) त्यात स्फोट आधी आहे. टीव्हीवालेही असंच उलटं लावतात. नेटवर टाकणारा अकोल्याचा असणार.

२ फेब्रुवारी
अमरावतीला जाऊन नत्थुजींना शोधून काढलं. तेव्हाचे टॉकीजचे ऑपरेटर, आता ऐंशीच्या पुढे. सोबत वांगी आणि झेंडू नेले. विचारलं, सांगा, आधी काय?
ते हसायलाच लागले. म्हणाले, अरे बापा, रीळ म्याच मांगं-पुढं लावलं होतं. पूल उडाला का पब्लिक उठून भायेर पयाये, बिदाईले कोनी थांबेच ना. दाराशी बायामानसायची चेंगराचेंगरी. म्हून म्या बिदाई पयले लावली. अस्सल पिक्चरमंधी स्फोटच पयले हाये.
मी दोनदा विचारलं. दोनदा तेच.
वय झालं की स्मरणशक्ती दगा देते. बिचारे. बाकी त्यांना सगळं आठवतं: माझं नाव, माझी खुर्ची, तिचा तुटका हात. नेमकं एवढंच विसरले.

९ फेब्रुवारी
करिश्मा सुट्टीला आली. जेवताना मान खाली घालून म्हणाली, बाबा, त्या पिक्चरमधल्या पोरीची बिदाई तुमी एकशे बारा वेळा पाहिली, दर वेळी रडले. माही एकदा तरी होऊ देता का?
घास तसाच हातात राहिला. फार वाईट वाटलं. ही पोर शाळेत जायची तेव्हा सायकलवर पुढच्या दांड्यावर बसून मला पाढे म्हणून दाखवायची.

१० फेब्रुवारी
एसटीने अकोला. घरून काढलेली पहिल्या तोड्याची शेवंती नेली. महादेवरावांच्या दारातच म्हणून टाकलं: स्फोट आधी, तुमचं बरोबर.
तर ते म्हणतात, नाई नाई, बिदाईच पयले, तुमचं बरोबर! त्यांच्याही घरात भाजीत मीठ नव्हतं बहुतेक. मी म्हटलं, मी स्वतः खात्री केली, स्फोटच आधी. ते म्हणाले, मी सांगून राहिलो नं, बिदाई. मी म्हटलं, तुम्ही मोठेपणा दाखवताय, पण खरं ते खरं. त्यांचा आवाज चढला. माझाही किंचित. शेवटी त्यांच्या मिसेस गोदाबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, इवाई, आता दोघंय चूप बसा. आमी साधनाबाईसंग फोनवर तारीख काढली बी.
माझ्या शिष्टाईला यश आलं.

९ मार्च
साक्षगंध झालं, अंगठ्या घातल्या. आम्हा दोघांना हॉलच्या दोन टोकांना बसवलं होतं. दोघांकडून नारळावर हात ठेवून शपथ घेतली: लग्न लागेपर्यंत पिक्चर बंद, पाहायचा नाही, बोलायचा नाही. बायकांना वाटतं हे आम्हाला जड जाईल. सत्तर दिवस फक्त. हसू येतं.

१० मार्च
नाही पाहिला.

११ मार्च
नाही पाहिला. डोकं दुखतंय. उन्हामुळे.

१३ मार्च
फक्त गाणी ऐकली. गाणी म्हणजे पिक्चर नव्हे.

२ एप्रिल
भेंडीला पाणी देताना सगळा पिक्चर मनातल्या मनात पाहिला, टायटलपासून. दोन्ही वाफे तुंबले. मनात पाहिलेला मोजत नाहीत.

१८ मे, रविवार, सकाळी ७
आज लग्न. पाठवणीच्या वेळी बाप लोक रडून तमाशा करतात. मी करणार नाही. मला सराव आहे. करिश्माचा हात हातात घ्यायचा, डोक्यावरून हात फिरवायचा आणि चार वाक्यं बोलायची. लिहून खिशात ठेवली आहेत. आजचा दिवस तिचा. मोबाइल सायलेंटवर.

१८ मे, संध्याकाळी ७.३०
लग्न सव्वाबाराला लागलं. म्हणजे शपथ सव्वाबाराला सुटली. हे महादेवरावांनीही मान्य केलं.
पाचच्या सुमारास त्यांनी खूण केली. लॉनच्या मागे, कूलरपाशी गेलो. त्रेचाळीस डिग्री, तिथेच जरा बरं होतं. ठरलं की तेवढा एकच सीन बघायचा आणि वाद कायमचा मिटवायचा. पण एकच सीन समजायला मागची वीस मिनिटं लागतात. माझा मोबाइल, त्यांचा चष्मा. कूलरचा आवाज फार, म्हणून आवाज फुल्ल. मध्ये साधनाचे तीन फोन आले, ऐन सीनमध्ये. कट केले. डोली उठली तेव्हा दोघंही ढसाढसा रडलो. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. आधी काय नि नंतर काय, हा प्रश्नच उरला नाही.
बाहेर आलो तर पोरं खुर्च्या एकावर एक रचत होती.
त्यांच्याकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं होतं, दिवस बुडायच्या आत सून घरात गेली पाहिजे. गाडी साडेपाचला निघाली. करिश्मा दाराशी बराच वेळ थांबली, इकडे-तिकडे बघत होती, असं साधना सांगते. शेवटी मामाने हात धरून बसवलं. महादेवराव वऱ्हाडाच्या बसमागे पळत गेले. मला पळून जाण्यासारखं कुठे नव्हतं.
साधना म्हणे, रडा आता. रडू येईना. कूलरमागेच संपलं होतं.
शूटिंगवाला वायर गुंडाळत होता. म्हणाला, काका, टेन्शन नका घेऊ, बिदाई पुरी घेतली हाये. पंधरा दिवसात पेनड्राइव्ह देतो. मंग जितल्यांदा पाहाची तितल्यांदा पाहा.